पूर-जोखमीवर संशोधन करताय? चिपळुणात आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न होता, 'आपल्या कुटुंबाची पूर-लवचिकता किती आहे असे आपणांस वाटते?' चिपळूणच्या बाजारपेठेमागे एका ओटीवर बसलेल्या आजींनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "लवचिक कसली बाबा, कंबर धरल्येय माझी." विद्यार्थ्याने इमानेइतबारे 'कमी' या चौकोनात खूण केली.

चूक आमची होती. परदेशी प्रश्नावलीचा शब्दाला शब्द ठेवून अनुवाद केला की 'जोखीम-धारणा', 'अनुकूलन-क्षमता' असलं मराठी तयार होतं आणि समोरचा सौजन्याने काहीतरी उत्तर देतो. त्याऐवजी विचारा: दुकान पुन्हा उघडायला किती दिवस लागले? पैसे कुठून उभे केले? सोनं मोडलं का? सावरण्याची ताकद या उत्तरांतून कळते.

सगळेच 'हो' म्हणत असतील तर

'पुराच्या धोक्याची आपणांस माहिती आहे का?' हा प्रश्न चिपळुणात विचारणं म्हणजे कोळ्याला 'समुद्र पाहिलाय का' विचारण्यासारखं. २००५ च्या जुलैतला पूर आणि २२ जुलै २०२१ चा पूर, दोन्ही पाहिलेली माणसं तिथे गल्लोगल्ली आहेत. उत्तर शंभर टक्के 'हो' येणार आणि अहवालात 'जनजागृती उच्च' असं लिहिलं जाणार. आम्हीही पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं.

मग एका दुकानदाराने भिंतीवरची तेलरंगाची रेघ दाखवली. २००५ चं पाणी तिथवर आलं होतं. त्याने रेघेच्या वर वीतभर अंतर ठेवून फळ्या ठोकल्या, महागाचा माल त्यांवर ठेवला आणि निर्धास्त झाला. २०२१ ला पाणी फळ्यांच्याही वर गेलं. या माणसाला जागृतीचं पत्रक देऊन काय उपयोग? जाणीव होती म्हणूनच त्याने फळ्या ठोकल्या होत्या. मागचा पूर हीच कमाल मर्यादा, हे त्याचं गृहीतक चुकलं, आणि तेच आमच्या प्रश्नावलीत कुठे नव्हतं.

तेव्हापासून आम्ही घड्याळ लावून विचारतो. जाग किती वाजता आली, कुणी उठवलं, आधी काय उचललं, गाडी कुठे नेली, पाणी उंबऱ्यावर कधी आलं. इशारा आणि उंबरा यांच्यामधली मिनिटं हाती लागली की इशारा कुठे अडकला ते दिसतं.

पाण्याची उंची जुळत नसेल तर

शेजारच्या दोन घरांत एक म्हणतो छातीभर, दुसरा म्हणतो गुडघाभर. दोघंही खरं बोलतात; एकाचं जोतं उंच आहे, दुसऱ्याचं रस्त्याला लागून. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेपासून टेप सोडा, पण टेपचं दुसरं टोक रस्त्यावर टेकलं की लादीवर, ते त्याच क्षणी वहीत लिहा. संध्याकाळी आठवत नाही. शक्य असेल तर लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून ती खूण जवळच्या, उंची ठाऊक असलेल्या सर्वेक्षण-खुणेला जोडा.

यापेक्षा मोठा घोळ शून्य कुठलं धरायचं याचा. भरतीच्या तक्त्यातली उंची नाविक नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, मोजलेली असते, तर जमिनीच्या नकाशातली सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबई बंदरात या दोहोंत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. तिथली ४.५ मीटरची भरती जमिनीच्या नकाशात जेमतेम २ मीटर भरते. हे विसरून केलेल्या नकाशात अर्धं शहर रोज बुडतं. चिपळूणची वाशिष्ठी नदी ज्या दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिच्यासाठी तिथला फरक वेगळा काढावा लागतो. फुकट मिळणाऱ्या उपग्रह-उंचीवरही विसंबू नका. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या उंची-मोजणीच्या रडारला माडांचे शेंडे आणि छपरं हीच जमीन वाटते.

पाणलोटाचा नकाशा खरा वाटत असेल तर

सॉफ्टवेअर वाशिष्ठीचं पाणलोट सह्याद्रीच्या माथ्यावर रेष ओढून संपवतं. पण कोयनेचं पाणी, जे निसर्गतः कृष्णेकडे जायचं, ते बोगद्यांतून पोफळी-कोळकेवाडीला उतरतं आणि वीज करून वाशिष्ठीत येतं. उंचीच्या नकाशात बोगदा दिसत नाही. तो आवक म्हणून हाताने घालावा लागतो.

खालच्या बाजूने खाडी. २०२१ मध्ये पौर्णिमा २४ जुलैला होती, म्हणजे पूर आला तेव्हा भरती उधाणाकडे चढत होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. २२ जुलैला त्रयोदशी होती, म्हणजे तेराची पाऊणपट, पावणेदहा. वर खाडीत ती आणखी उशिरा पोचते. दिवसभराची पावसाची बेरीज घेऊन बसलात तर हे तास हातातून निसटतात.

निळी-लाल रेषा समजावताना

नदीकाठच्या नकाशांवर सरकार दोन पूररेषा आखतं: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. लोक म्हणतात, "आत्ताच येऊन गेला, आता आमच्या नातवांनी बघावा." वर्षांचा हिशेब सांगू नका, गृहकर्जाचा सांगा. २० वर्षांच्या हप्त्यांच्या काळात निळ्या रेषेवरच्या घराला निदान एकदा पाणी लागण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के, लाल रेषेवरच्या घराला १८ टक्के. हा आकडा ऐकून माणसं खुर्ची पुढे ओढतात.

नुकसानीचे आकडे फुगत असतील तर

हातात वही, गळ्यात ओळखपत्र. तुम्ही पंचनाम्याला आलात असंच लोक धरून चालतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. दारातच सांगा की आम्ही कॉलेजातून आलोय, भरपाईशी आमचा संबंध नाही. पहिल्या दिवशी हे सांगायचं राहिलं तेव्हा एका घरात दोन फ्रिज वाहून गेले होते. दुसऱ्या दिवशी नीट ओळख करून दिली, तर फ्रिज एकच निघाला, आणि त्यातलंच गार पाणी आम्हाला प्यायला दिलं.