पांढऱ्या कुत्र्याच्या डोळ्याखालचे तांबूस डाग

आमच्या पॉमेरियनच्या डोळ्यांखाली सतत विटकरी ओघळ. लातूरच्या धुळीत तर जास्तच! शाम्पूनं काही फरक पडला नाही, रोजच्या दोन मिनिटांनी पडला.

१. मेडिकलमधलं नॉर्मल सलाईन किंवा उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. कापूस भिजवून चिपडांवर अर्धा मिनिट नुसता धरा. ओढू नका, आपोआप सुटतात.

२. नाकाकडून बाहेर पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस.

३. सुती फडक्यानं कोरडं करा. हे चुकवू नका, ओल्या केसांत डाग वाढतो, वासही येतो.

जुना रंग केस वाढून कापले जातील तसाच जाईल. हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याजवळ नकोच. डोळा लाल, पिवळा-हिरवा चिकट स्राव किंवा एकाच डोळ्यातून अचानक पाणी दिसलं, तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.