परीक्षेच्या मार्कांवरून पुढचं यश ओळखता येतं का? दावा असा तपासा

मोठ्या परीक्षेत भरघोस मार्क पडले की आयुष्य मार्गी लागलं, असं काही जण सांगतात. मार्कांचा आणि यशाचा काडीचाही संबंध नाही, असं बाकीचे तितक्याच ठामपणे सांगतात. दोन्ही विधानं चूक आहेत, आणि किती चूक ते साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर काढता येतं.

आधी बघायचं ते ‘यश’ म्हणून नेमकं काय मोजलंय आणि कोणत्या वयात. बुद्धिमत्ता चाचण्यांच्या बऱ्याच दीर्घकालीन पाहण्या संशोधक तार्मो स्ट्रेन्झे यांनी २००७ साली एकत्र करून तपासल्या. चाचणीतल्या गुणांचा पुढच्या शिक्षणाशी सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वाढतात-घटतात याचं माप; ० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.५५ निघाला, व्यवसायाच्या दर्जाशी ०.४५ च्या आसपास आणि उत्पन्नाशी जेमतेम ०.२ च्या वर. परीक्षेला जे जवळचं, त्याचा अंदाज चांगला येतो. उत्पन्नात मात्र क्षेत्र, ओळखी, मंदीचं वर्ष असं बरंच काही मिसळलेलं असतं. वयाचा घोळ तर नेहमीचाच: पंचविशीतलं उत्पन्न मोजलं, तर वरच्या मार्कांची बरीच मुलं तेव्हा अजून शिकतच असतात आणि संबंध आहे त्याहून कमी दिसतो. चाळिशीतला आकडा मिळत असेल तर तोच धरा.

सहसंबंधाचं शक्यतेत रूपांतर करा

‘सहसंबंध ०.३’ एवढं वाचून कुणालाच काही उमगत नाही. बरेच जण त्याचा वर्ग करतात, ०.०९ म्हणजे ९ टक्के येतात, आणि ‘म्हणजे काहीच नाही’ म्हणून विषय सोडून देतात. त्याऐवजी असं करा: कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवा, ०.३ चा साइन इन्व्हर्स काढा, आलेल्या १७.४६ ला १८० ने भागा आणि त्यात ०.५ मिळवा. उत्तर ०.५९७. याचा अर्थ, परीक्षेत वरच्या अर्ध्यात असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६० जण पुढे यशातही वरच्या अर्ध्यात येतात. ४० येत नाहीत. काहीच संबंध नसता तर ५०-५० झाले असते. हाच हिशोब ०.२ ला ५६, ०.५ ला ६७ आणि ०.७ ला ७५ देतो. (कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर १८० ऐवजी ३.१४१६ ने भागायचं. उत्तर विचित्र आलं की आधी हेच तपासा.)

एकाच माणसाचा अंदाज हवा असेल तर त्याचे मार्क सरासरीपेक्षा किती प्रमाण विचलन (मार्क सरासरीभोवती साधारण किती पसरलेत याचं माप) वर आहेत ते घ्या आणि सहसंबंधाने गुणा. २ विचलनं वर, म्हणजे जवळपास ९८ वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९८ जण मागे). सहसंबंध ०.३ असेल तर यशाचा अंदाज ०.६ विचलन वर, म्हणजे ७३ व्या पर्सेंटाइलच्या आसपास. आणि त्या अंदाजाभोवतीचा पसारा मूळ पसाऱ्याच्या ९५ टक्के शिल्लकच राहतो! म्हणून अशा १०० हुशार विद्यार्थ्यांपैकी साधारण २६ जण यशाच्या मोजमापात सरासरीच्या खाली राहतात. ते नापास झालेले नाहीत की त्यांची परीक्षा खोटी नव्हती, ०.३ चा अर्थच तेवढा आहे.

हे गणित दोन्ही बाजूंना घंटेच्या आकाराचं वितरण (बहुतेक जण मधे, टोकांना थोडे) धरून चालतं. उत्पन्न तसं नसतं, त्याचं शेपूट लांब असतं, म्हणजे थोड्या लोकांचं उत्पन्न फारच मोठं असतं. तिथे आधी लॉगॅरिदम घ्यावा किंवा सरळ क्रमांक लावावेत.

मोजणीत कोण आलंच नाही?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. निवड झालेल्यांमध्येच सहसंबंध काढला तर तो आक्रसतो, कारण कमी मार्कांचे लोक गाळलेलेच असतात. समजा निवडलेल्यांतला सहसंबंध ०.३ आहे आणि सगळ्या अर्जदारांच्या मार्कांचा पसारा निवडलेल्यांच्या दुप्पट आहे. दुरुस्ती अशी: ०.३ × २ = ०.६, त्याला (१ + ०.०९ × ३) च्या वर्गमुळाने, म्हणजे १.१२७ ने भागा (०.०९ हा ०.३ चा वर्ग, आणि ३ म्हणजे दुप्पटीतल्या २ चा वर्ग वजा १). सगळ्या अर्जदारांसाठीचा सहसंबंध ०.५३ येतो. पण ही दुरुस्ती अंदाजाने ठोकली की आकडा फुगतो. बौद्धिक क्षमता आणि नोकरीतली कामगिरी यांचा ०.५१ हा आकडा १९९८ पासून सर्रास दिला जायचा; मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली तो ०.३१ वर आणला, कारण आधीच्या दुरुस्त्या गरजेपेक्षा मोठ्या होत्या. म्हणून दुरुस्त केलेला आणि न केलेला, दोन्ही आकडे मागा.

‘एका पातळीच्या वर मार्कांना अर्थ उरत नाही’ हा दावा ऐकला तर प्रश्नपत्रिकेचं छत किती उंच होतं ते विचारा. सोप्या पेपरात वरचे सगळे एकाच जागी गोळा होतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात १३ वर्षांच्या आसपासच्या मुलांना मोठ्यांसाठीची सॅट (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची) परीक्षा दिली. छत उंच असल्यामुळे वरच्या १ टक्क्यातही फरक दिसला: त्यातल्या वरच्या पाव भागातल्या मुलांनी पुढे खालच्या पाव भागापेक्षा जास्त डॉक्टरेट आणि पेटंटं मिळवली.

घरची परिस्थिती वेगळी काढा, पण जपून

सुस्थितीतल्या घरातल्या मुलांना मार्कही जास्त आणि पुढे पैसाही जास्त, असं असेल तर संबंधाचा काही भाग घरचा आहे. म्हणून सारख्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची तुलना केलीय का ते बघा. मात्र ‘सारखं शिक्षण झालेल्यांची’ तुलना करून संबंध गायब झाला, असं कुणी दाखवलं तर ते मानू नका. शिक्षण हा मार्कांपासून यशापर्यंतचा मधला रस्ता आहे. रस्ताच झाकला तर वाहतूक दिसणार कशी?

दोघांच्या मार्कांतला फरक

परीक्षेची विश्वसनीयता (तशीच परीक्षा पुन्हा दिली तर मार्क किती जुळतील याचं माप; १ म्हणजे तंतोतंत) ०.९१ आणि प्रमाण विचलन १०० असेल, तर मापनातली चूक १०० × √०.०९, म्हणजे ३० गुण. दोघांच्या फरकातली चूक त्याच्या १.४१ पट, सुमारे ४२. तेव्हा २५ गुणांनी एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवणं आम्हाला सरळसरळ अन्याय वाटतो. अशा वेळी दोघांना एकाच पट्ट्यात ठेवा आणि परीक्षेने न मोजलेली माहिती बघा: पूर्ण केलेलं काम, त्याचे नमुने, काही वर्षांतलं सातत्य. दुसऱ्या तशाच परीक्षेचे मार्क जोडल्याने मोजमाप थोडं पक्कं होतं, पण नवी माहिती फारशी येत नाही.