काइसेनदोन करताय? मासेखाऊंनो, या चुका टाळा

काइसेनदोन हा जपानी पदार्थ म्हणजे वाडगाभर भात आणि त्यावर कच्ची मासळी: ट्यूना, सॅमन, कोलंबी, इकुरा म्हणजे सॅमनची केशरी गाबोळी, आणि खिशाला झेपलंच तर उनी म्हणजे काटेरी समुद्री अर्चिनचा आतला पिवळा गर. शिजवायचा काय तो फक्त भात. म्हणून घरी करायला सोपं वाटतं, आणि म्हणूनच फसतं.

‘ताजी आहे ना, मग कच्ची चालेल’

ही चूक शाकाहारी माणूस करणारच नाही, ती आपण मासेखाऊच करतो. कल्ले लाल, डोळे पाणीदार, बोटानं दाबलं की मांस लगेच वर येतं... ही पारख आपल्याला बाजारात आईच्या मागे फिरून आलेली असते. पण ती कालवणासाठीची पारख आहे. अनिसाकिस नावाचा दोन-तीन सेंटिमीटरचा पांढरा कृमी नुकत्याच पकडलेल्या माशातही असू शकतो, ताजेपणाशी त्याचं काही देणंघेणं नाही. तो जिवंत पोटात गेला तर काही तासांत असह्य कळा येतात आणि डॉक्टरांना दुर्बिणीनं काढावा लागतो. लिंबू, व्हिनेगर, मीठ, वासाबी यांच्या भरवशावर राहू नका, त्यांनी तो मरत नाही.

मरतो तो तापवून किंवा गोठवून. गोठवायचं तर जपानच्या आरोग्य मंत्रालयानं उणे 20 अंशांना 24 तास सांगितलेत. अमेरिकेचं एफडीए त्याच तापमानाला सात दिवस म्हणतं. घरचा फ्रीझर साधारण उणे 18 वर चालतो, त्यात दिवसातून दहादा उघडला जातो. शिवाय गोठवण्यानं कृमी मरतात, जिवाणू नाहीत. म्हणजे सकाळी आणलेली सुरमई घरी आठवडाभर गोठवली तरी ती कच्ची खाण्याजोगी होत नाही. विक्रेत्याला ‘ताजी आहे का’ विचारू नका. ‘कच्ची खाण्यासाठीच गोठवलेली आहे का’ हे विचारा. त्यानं मान हलवताना जरा जरी वेळ लावला, तर त्या दिवशी रस्साच करा. रोहू-कटल्यासारखे गोड्या पाण्यातले मासे कच्चे कधीच नकोत, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांचा वाडगा शिजवलेल्या कोलंबीचा.

बांगडा आणि ट्यूना उबेला राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते. हे हिस्टामिन नंतर शिजवूनही जात नाही, त्यामुळे बाजारातून घरी येताना पिशवीत बर्फ हवाच.

जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी पाकिटावरचे दोन शब्द: सेइशोकुयो म्हणजे कच्चं खाण्यासाठी, कानेत्सुयो म्हणजे शिजवण्यासाठी. कालवं घेताना इथेच घोटाळा होतो. कानेत्सुयो कालवं शिळी नसतात, फरक ती कुठल्या पाण्यातून काढली याचा असतो. स्वस्त दिसली म्हणून ती कच्ची खाऊ नका.

भात

मोकळा, शीत न् शीत सुटं झालेला भात हा आपला अभिमान. इथे तो निरुपयोगी. बासमती तर चॉपस्टिकमधून गळूनच जातो. जपानी आखूड तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर इंद्रायणी घ्या. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, नाहीतर गिचका होईल. भात अंगाइतका कोमट होऊ द्या. वाफाळत्या भातावर ट्यूना ठेवला की त्याच्या कडा पांढऱ्या पडतात आणि वाडग्यात ना कच्चा ना शिजलेला असा काहीतरी तिसराच पदार्थ उरतो. व्हिनेगर घालायचं की नाही? बऱ्याच काइसेनदोनमध्ये साधाच भात असतो, व्हिनेगरचा भात चिराशीत, म्हणजे वाडग्यात वाढलेल्या सुशीत. मला साधाच आवडतो.

मासळीला पाणी सुटतंय? मग ती ओट्यावर घाईनं वितळवली असणार. कागदी रुमालात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, कापण्याआधी पुन्हा टिपा. सुरी करवतीसारखी पुढे-मागे न चालवता एका ओढीत कापा.

तिकडे गेल्यावर

उत्तर जपानमधल्या हाकोदाते शहराचा सकाळचा बाजार नावाप्रमाणे सकाळचाच आहे. हॉटेलचा नाश्ता करून, आरामात दुपारी गेलात तर बंद होणारी दुकानंच बघाल. तोक्योत ‘त्सुकिजी’ म्हणून निघताना लक्षात ठेवा: तिथला प्रसिद्ध घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला, त्सुकिजीला उरलाय तो बाहेरचा बाजार. खाण्यासाठी तोही पुरेसा आहे. उत्तरेतल्याच कुशिरो शहराच्या वाशो बाजारात ‘कात्तेदोन’ मिळतं: आधी भाताचा वाडगा विकत घ्यायचा, मग दुकानोदुकानी फिरून हवा तो तुकडा त्यावर ठेवून घ्यायचा. एकेक तुकडा स्वस्त वाटतो आणि बिल शेवटी कळतं, म्हणून आधी एक फेरी नुसती बघण्यासाठी मारा. पाटीवर ‘जिका’ असेल तर तो त्या दिवसाचा भाव, उनीच्या बाबतीत विचारल्याशिवाय बोट दाखवू नका.

वाडगा समोर आला की सोया सॉस धो धो ओतू नका, आणि वरणभातासारखा कालवूही नका. वाटीत थोडा सोया, मासा त्यात टेकवायचा, खालचा भात सोबत उचलायचा. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. तसा भात तिथे मृताला दाखवतात. भात जास्त होणार असेल तर आधीच ‘गोहान सुकुनामे’ म्हणा, कमी वाढतात.