जुन्या खिडकीची काच फेकण्याआधी

अमळनेरला आमचं सुतारकाम आहे. जुना वाडा मोडायला निघाला की लोक खिडक्या टेम्पोत घालून आणतात आणि म्हणतात, "मिस्तरी, काच फेका, नवी टाका." मी म्हणतो, थांबा भाऊ, आधी तिचं वय बघू. वय कळलं की मग फेकायची की जपायची ते ठरवू.

खिडकीतून समोरची विजेची तार बघा आणि डोकं हळूच इकडून तिकडे न्या. तार सरळ राहिली तर काच फ्लोटची, वितळलेल्या कथलावर पसरवून केलेली. ही रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली, आपल्याकडे तिचे कारखाने १९९० च्या दशकात आले. अशी काच बाजारात कधीही मिळते, तिचं दुःख करू नका. तार नागमोडी झाली आणि लहरी समांतर असल्या तर काच यंत्राने ओढलेली, विसाव्या शतकातली. लांबुळके बुडबुडे आणि वेड्यावाकड्या लहरी दिसल्या तर बहुधा फुंकलेली. त्या वेळी कारागीर काचेचं नळकांडं फुंकायचे, गार झालं की उभं चिरायचे आणि परत तापवून सपाट करायचे. काचेत जांभळट झाक असेल तर तीही जुनीच. काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, ते वर्षानुवर्षं ऊन खाऊन जांभळं पडतं. असली काच परत मिळणार नाही.

जुनी काच खाली ओघळून जाड होते असं पुष्कळ जण सांगतात. ते खोटं आहे. ती बनतानाच कमी-जास्त जाडीची निघायची.

खरं तर खान्देशातल्या वाड्यांना काचेची हौस उशिराच लागली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे लाकडी झडपा आणि गजच बरे. १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली, परदेशी माल आत पोचायला लागला. तरी काच बसली ती जास्त करून दारावरच्या कमानीत, लाल-निळी, शोभेला.

आता काम. हातमोजे आणि चष्मा घाला. जुन्या रंगात आणि लांबीत, म्हणजे काच बसवायच्या पुटीत, शिसं असू शकतं, म्हणून ओलं करूनच खरवडा, पोरांना लांब ठेवा. लांबी पटाशीने काढताना धार लाकडाकडे ठेवा, काचेला टेकवू नका. आधी चुका, म्हणजे काच धरून ठेवणारे बारीक खिळे, उपसा, मगच काच हलवा.

नवी काच घ्यायची असेल तर खाचेचं माप वर, मध्ये आणि खाली तिन्ही ठिकाणी घ्या. जुनी चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतेच असं नाही. सगळ्यात लहान मापातून तीन मिलिमीटर वजा करा, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की कोपऱ्यातून तडा गेलाच समजा. कापताना कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवा आणि रेघ एकदाच ओढा. त्याच रेघेवर परत कटर फिरवला की काच वाटेल तिकडे फुटते.

सगळे घाई करतात ती पुढच्या पायरीला. कोरड्या सागाला आधी जवसाचं तेल पाजा. न पाजलेलं लाकूड लांबीतलं तेल ओढून घेतं आणि वर्षभरात तिचे पापुद्रे निघतात. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, कणकेसारखी मळलेली. खाचेत तिचा पातळ थर द्या, काच कडांवर दाबून बसवा, मध्ये बोट लावू नका. चुका ठोका, बाहेरून लांबी उतरती भरा म्हणजे पाणी साचत नाही. दोन-तीन आठवडे सुकू द्या. मग रंग, आणि तो काचेवर एखादा मिलिमीटर चढवा, फटीत पाणी शिरणार नाही.

काढलेली जुनी काच शाबूत असेल तर उभी ठेवा, मध्ये कागद घालून. आडव्या थप्पीत खालची तडकते.