गावातला वीरगळ वाचायचा कसा

आमच्याकडे विदर्भात मारोतीच्या पारापाशी, तळ्याच्या पाळीवर नाहीतर एखाद्या धुऱ्यावर अर्धा मातीत गेलेला कोरीव दगड दिसतो. कोणी त्याला मुंजोबा म्हणतं, कोणी भिवसन. पोळ्याला त्यावर तेल पडतं, शेंदूर चढतो. यातले पुष्कळ दगड वीरगळ असतात, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाची आठवण. यादवांच्या काळात असे दगड महाराष्ट्रभर गावोगाव उभे राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि सहावी-सातवीच्या पोरांना हे दगड वाचायला घेऊन जाते. तुम्हालाही जमेल.

आधी ज्याच्या शेतात दगड आहे त्याला आणि जो त्याला दिवा लावतो त्याला विचारा. गावाचा देव आहे तो. न विचारता हात लावू नये.

जायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. दुपारी बारा वाजता कोरीवकाम सपाट दिसतं. तिरपं ऊन पडलं की सावल्या उठतात. सावलीतला दगड असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च अगदी बाजूने धरा, दगडाला घासून जाईल असा उजेड पाडा. खडू, पीठ, रांगोळी चोळायची नाही. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर अजिबात नाही. यवतमाळकडचा काळा पाषाण टणक आहे, पण चंद्रपूर-गडचिरोलीकडचा वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो. तिथे मऊ कुंच्याने धूळ झटकली तेवढं पुरे.

आता वाचा, खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत माणूस मेला कसा ते असतं. ढाल-तलवार, घोडा, कधी वाघ. गाई कोरल्या असतील तर तो गावाची जनावरं पळवणाऱ्यांशी लढताना पडला असं समजा. आमच्या शिवेवरच्या दगडात वीराच्या पायाशी गाईंची रांग आहे आणि शेवटची गाय मान वळवून मागे बघते. बोटभर उंचीची गाय, पण कोरणाऱ्याने तिचा कानसुद्धा सोडला नाही. पोरं तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतात, मीही थांबते.

मधल्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, शेजारी बहुधा पुजारी. लिंगाच्या जागी तीर्थंकर दिसला तर वीर जैन. धर्माचं म्हणणं या चढत्या क्रमातच आहे: दुसऱ्यासाठी जीव दिला, त्याला थेट देवाचं सान्निध्य मिळालं. माथ्यावर सूर्य-चंद्र असतात, ते आहेत तोवर ही आठवण राहो म्हणून. नाव मात्र शोधू नका. कर्नाटकातल्या पुष्कळ वीरगळांवर लेख आहेत, आपल्याकडे ते क्वचित.

कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला, पंजा उघडा असलेला हात दिसला तर ती सतीशिळा. भरल्या बांगड्या म्हणजे अखंड सौभाग्य, असा त्याचा अर्थ. मी मुलींना तिथे मुद्दाम थांबवते. वीराचा घोडा कोरला, ढाल कोरली, आणि तिचा बहुतेक वेळा नुसता हात. ती कोण होती, किती वर्षांची होती, दगड काही सांगत नाही. त्या दगडाची नोंद करा, त्याला जपा, पण सतीचा जयजयकार करू नका. १९८७ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

माडिया-गोंड लोक मृतांसाठी दगड उभे करतात, ते वेगळे. ती चाल आजही जिवंत आहे. त्यांना वीरगळ म्हणून मोकळं होऊ नका, त्या घरच्यांना विचारा.

वहीत लिहा: गाव, शेत कोणाचं, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला, उंची-रुंदी, जवळ काय आहे (नदीचा उतार, जुनं देऊळ, वाट). चारही बाजूंचे फोटो काढा, कारण काही दगड चारही अंगांनी कोरलेले असतात. फोटोत पट्टी ठेवा. दगड उचलून देवळात नेऊन सिमेंटमध्ये बसवू नका. जागा बदलली की वीर कुठल्या वाटेवर पडला हेच पुसलं जातं.

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि एक पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयात. रस्ता रुंद होणार असेल तर हे काम जेसीबी यायच्या आधी उरका.