जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कुठल्या पंपाचं चांगलं? स्वतः तपासून असं ठरवा

‘साहेब, साधं की प्रीमियम?’ पंपावरचा मुलगा नोझल हातात धरून विचारतो. मागे रांग लागलेली असते आणि आपण दोन सेकंदांत उत्तर देऊन मोकळे होतो. ९५ ऑक्टेनसाठी लिटरमागे काही रुपये जास्त जातात, १०० ऑक्टेनचा भाव तर साध्याच्या दीडपटीच्या घरात. एवढे पैसे मोजायचे तर कुठल्या पंपाचा माल खरंच चांगला, हे शेजाऱ्याच्या सांगण्यावर सोडू नये. ते तपासता येतं. फक्त दोन-अडीच महिने आणि एक वही लागते.

पहिली पायरी: गाडीला काय हवंय ते बघा

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ठरावीक चाचणी-इंजिनात आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून हा आकडा, म्हणजे आरओएन, काढतात. ९५ आरओएनचं पेट्रोल ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं, एवढाच त्याचा अर्थ.

इंधनाच्या झाकणामागचं स्टिकर आणि गाडीचं पुस्तक वाचा. तिथे नुसतं ९१ असेल, तर ९७ किंवा १०० टाकून सहसा हाती काही लागत नाही. ‘किमान ९१, शिफारस ९५’ असं असेल, किंवा टर्बो अथवा जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन असेल, तर पुढचा खटाटोप तुमच्यासाठी आहे. (अमेरिकेतल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं: तिकडच्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५-९६.)

दुसरी पायरी: नावं विसरा, आकडा लिहा

एक्सपी९५, पॉवर९५, स्पीड ९७, एक्सपी१००, व्ही-पॉवर ही झाली नावं. वहीत प्रत्येकासमोर आरओएन लिहा आणि ९५ ची तुलना ९५ शीच करा. एका कंपनीचं १०० दुसऱ्या कंपनीच्या ९५ शी ताडून ‘ही कंपनी भारी’ म्हणण्यात अर्थ नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये पुण्या-मुंबईसह १० शहरांत १०० ऑक्टेन आणलं, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. तो माल वेगळा आणि त्याचं गिऱ्हाईकही वेगळं.

आता जी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती सांगतो. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साध्या पेट्रोलचा आकडाही वर गेला. तो आता ९५ झाल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे ९५ च्या प्रीमियमसाठी आपण जे जास्तीचे पैसे देतो, ते मुख्यतः इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणाऱ्या अ‍ॅडिटिव्हचे.

शिवाय मूळ पेट्रोलमध्ये कंपन्यांचा फरक आपल्याला वाटतो तेवढा नसतो. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम, दोघांच्या रिफायनऱ्या जवळजवळ आहेत. तिथून पाइपलाइनने माल मनमाडकडे, पुण्याकडे, सोलापूरकडे जातो. कंपन्या गरजेप्रमाणे एकमेकांचा मालही उचलतात. त्यामुळे पंपापंपांत खरा फरक पडतो तो अ‍ॅडिटिव्ह, मालाचा ताजेपणा, जमिनीखालच्या टाकीची निगा आणि मालकाची नियत यांचा.

तिसरी पायरी: पंपावर उभं राहून तपासा

सकाळी गर्दी नसताना जा. फिल्टर पेपर मागा. ग्राहकाने मागितला तर तो द्यावाच लागतो. नोझलचं टोक पुसून पेपरवर एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा. मागे तेलकट डाग राहिला तर रॉकेल किंवा डिझेलसारखं जड काहीतरी त्यात आहे. पेपरवर काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, नाफ्थासारखे हलके द्रव डाग न ठेवता उडून जातात.

मग घनता. ५०० मिलिलिटरच्या जारमध्ये पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर (घनता मोजणारी काचेची नळी) आणि थर्मामीटर बुडवतात आणि तक्त्यावरून १५ अंश सेल्सियसची घनता काढतात. ३५ अंशांना ७२८ (घनमीटरला किलो) दिसलं तर १५ अंशांना ते साधारण ७४५ च्या आसपास येतं, त्यामुळे जारमधला आकडा बघून घाबरू नका. अनेक जण इथेच चुकतात. या पंपाची ७४२ आणि त्या पंपाची ७५० म्हणून दुसरं पेट्रोल ‘जास्त घट्ट’ आणि चांगलं, असं काही नसतं. घनतेवरून ऑक्टेन कळत नाही. ती ताडायची त्याच पंपावर आलेल्या टँकरच्या चलनावर लिहिलेल्या घनतेशी. फरक ३ एककांच्या आत असेल तर माल आला तसाच टाकीत आहे असं धरतात.

शेवटी एक साधा प्रश्न विचारा, ‘प्रीमियमची गाडी कधी आली?’ साधं पेट्रोल रोज खपतं, प्रीमियम काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे टाकीत पडून राहतं. मी तर भरपूर खपाच्या पंपाला नावापेक्षा जास्त मान देतो.

चौथी पायरी: इथेनॉल आणि पाणी

दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत हायवेवरच्या एका पंपावर मी प्रीमियम भरलं आणि खंबाटकी चढताना गाडी आचके द्यायला लागली. साताऱ्यात मेकॅनिकने टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाशी बोटभर ढगाळ थर. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून तळाला बसतात आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरतं. पावसाळ्यात ही तपासणी मी तेव्हापासून कधीच चुकवत नाही.

तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे मेकॅनिककडे उघड्यावर बघता येतं. विडी-सिगारेट, स्विच, गरम इंजिन यांपासून लांब. १०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजनळीत २० मिलि पाणी घ्या, त्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका आणि वरून ८० मिलि पेट्रोल ओता. बूच लावून हलकेच हलवा, मधूनमधून बूच उघडून वाफ सोडा आणि दहा मिनिटं ठेवा. खालचा रंगीत थर २० वरच राहिला तर इथेनॉल नाही, २८ च्या आसपास गेला तर १० टक्के, ३६ च्या आसपास गेला तर २० टक्के. हे पेट्रोल परत टाकीत ओतू नका, गटारातही नको.

हे बघायचं कारण म्हणजे इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. एका पंपाचं प्रीमियम बिनइथेनॉलचं आणि दुसऱ्याचं २० टक्क्यांचं असेल, तर मायलेजमधला फरक अ‍ॅडिटिव्हच्या खात्यावर लिहाल आणि फसाल.

पाचवी पायरी: रस्त्यावरची परीक्षा

क्रम असा ठेवा: पहिल्या पंपाच्या तीन टाक्या, दुसऱ्याच्या तीन, मग परत पहिल्याच्या तीन. प्रत्येक वेळी पहिली टाकी हिशेबात धरू नका, त्यात जुनं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. परत पहिल्याकडे यायचं कारण, मधल्या काळात हवा बदलते, एसी वाढतो. दुसऱ्याचा फायदा खरा असेल तर परतल्यावर तो गेलेला दिसला पाहिजे.

नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून थांबलं की तिथेच थांबा, वरून खेचून भरू नका. टायरची हवा थंड असताना तपासा. रस्ता आणि चालवणारा माणूस एकच ठेवा.

घाट हा सगळ्यात चांगला परीक्षक. त्याच चढावर, त्याच गिअरला, कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि काच खाली करून ऐका. डब्यात खडे हलवल्यासारखा टिकटिक आवाज आला तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटतंय. नव्या गाड्यांत आवाज येण्याआधीच नॉक सेन्सर इग्निशन, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेतो, म्हणून ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला) ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर इग्निशन टायमिंग पाहा. आत येणाऱ्या हवेचं तापमान, आरपीएम आणि इंजिनावरचा भार सारखा असताना ज्या पेट्रोलवर टायमिंग जास्त पुढे राहतं, ते तुमच्या इंजिनाला मानवतंय. या वेळी शेजारी बसलेल्याने आकडे लिहावेत, चालवणाऱ्याने नव्हे.

सहावी पायरी: किलोमीटरला किती रुपये

समजा, साधं १०५ रुपयांना आहे आणि लिटरला १६ किलोमीटर मिळतात. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ५६ पैसे. प्रीमियम ११३ रुपयांना असेल तर बरोबरीसाठी १७.२ किलोमीटर मिळायला हवेत. असा हिशेब दोन्ही पंपांसाठी करा. स्वच्छ इंजेक्टरचा फायदा एवढ्या थोड्या टाक्यांत दिसत नाही, त्यामुळे तो यात धरू नका.

माझ्या वहीत दोन्ही पंपांचं ९५ मायलेजमध्ये इतकं जवळ निघालं की तो फरक टायरच्या हवेनेही पडला असता. घाटातलं टायमिंग मात्र जास्त खपाच्या पंपाच्या पेट्रोलवर दोन्ही खेपांना पुढे राहिलं. कोल्हापूरला जायचं असलं की आता मी तिथेच भरतो, आणि शहरातल्या शहरात साधंच टाकतो.