काफ्का ब्रोकर उठायला तास लावतो तेव्हा

काफ्काचा (संदेश साठवून पोहोचवणाऱ्या प्रणालीचा) ब्रोकर, म्हणजे त्यातला एक सर्व्हर, रीस्टार्ट केला, वीस मिनिटं झाली तरी क्लायंट जोडतात तो ९०९२ पोर्ट उघडत नाही. अशा वेळी हात किल मायनस नाइनकडे, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारणाऱ्या कमांडकडे, जातो. थांबा. आधी सर्व्हरचा लॉग वाचा. 'नो क्लीन शटडाउन फाइल वॉज फाउंड' असं दिसत असेल तर ब्रोकर अडकलेला नाही, राबतोय.

नीट बंद होताना काफ्का प्रत्येक डेटा डिरेक्टरीत क्लीनशटडाउनची छोटी, लपलेली फाइल ठेवतो. ती नसेल तर प्रत्येक पार्टिशनमधला (संदेशांच्या लॉगच्या तुकड्यातला) रिकव्हरी पॉइंटनंतरचा, म्हणजे डिस्कवर नक्की गेल्याची नोंद आहे त्यापुढचा, भाग वाचला जातो, बॅचागणिक (संदेशांच्या गठ्ठ्यागणिक) सीआरसी, म्हणजे बिघाड ओळखणारा चेकसम, तपासला जातो आणि इंडेक्स नव्याने बांधले जातात. हा भाग म्हणजे बहुतेकदा चालू सेगमेंट (सध्या लिहिली जात असलेली लॉग फाइल), डीफॉल्ट मर्यादा १ जीबी. २,००० पार्टिशन आणि सरासरी ५०० एमबी धरले तर १ टीबी वाचन. डिस्क सेकंदाला २०० एमबी देत असेल तर ८३ मिनिटं.

आता खरा सापळा. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) बंद होण्यासाठी डीफॉल्ट ९० सेकंद देतो, कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) ३०. एवढ्यात लीडर (पार्टिशनच्या मुख्य प्रतीची जबाबदारी) दुसऱ्या ब्रोकरकडे हलवणं आणि सगळे लॉग डिस्कवर फ्लश करणं मोठ्या ब्रोकरला जमत नाही. मुदत संपली की सिगकिल, म्हणजे तोच किल मायनस नाइन. पुढच्या वेळी रिकव्हरी. ती चालू असताना पोर्ट बंद, म्हणून लाइव्हनेस प्रोब (ब्रोकर जिवंत आहे का ही कुबरनेटीसची तपासणी) फसतो आणि कंटेनर मारला जातो. पुन्हा रिकव्हरी, पुन्हा मार. हे चक्र आपोआप सुटत नाही. शिवाय काफ्का २.८ पासून क्लीनशटडाउन फाइल लोडिंगच्या सुरुवातीलाच पुसली जाते. म्हणजे आधी अगदी व्यवस्थित बंद केलेला ब्रोकरही लोड होताना मारलात, तर पुढची सुरुवात रिकव्हरीनेच होणार.

म्हणून बंद होण्याची मुदत (सिस्टमडीत टाइमआउटस्टॉपसेक, कुबरनेटीसमध्ये ग्रेस पीरियड) निदान ६०० सेकंद ठेवा. कुबरनेटीसवर स्टार्टअप प्रोब (ब्रोकर उठेपर्यंत लाइव्हनेस प्रोब थांबवणारी तपासणी) लावा: दर १० सेकंदांनी, ७२० अपयशांपर्यंत, म्हणजे दोन तास. बंद केल्यावर आणि सुरू करण्याआधी ती फाइल आहे का हे एलएस मायनस ए ने बघा.

रिकव्हरी थ्रेडची संख्या (नम डॉट रिकव्हरी डॉट थ्रेड्स डॉट पर डॉट डेटा डॉट डिर) पूर्वी १ होती, ४.० पासून २. ती दर डिरेक्टरीमागे असते: तीन डिरेक्टऱ्या आणि ही संख्या ८ म्हणजे २४ थ्रेड. एसएसडीवर वाढवा, फिरत्या डिस्कवर फारसा उपयोग नाही.

वेळ वाचवायला क्लीनशटडाउन फाइल हाताने तयार करा, असा सल्ला काही सीनियर देतात. ऐकू नका. तपासणीच टळते आणि तुटलेली बॅच तशीच राहते.

डेटाची भीती मात्र आवरा. फक्त प्रोसेस मारली गेली असेल तर लिहिलेलं ऑपरेटिंग सिस्टमच्या पेज कॅशमध्ये असतं, ते जात नाही. वीज गेली किंवा कर्नल कोसळला तर शेपटाकडच्या बॅचा खराब निघू शकतात. काफ्का पहिल्या खराब बॅचपासून पुढचं कापतो आणि तेवढं लीडरकडून पुन्हा आणतो. रेप्लिकेशन (पार्टिशनच्या प्रती) ३, किमान इन-सिंक रेप्लिका (लीडरशी जुळलेल्या प्रती) २ आणि ॲक्स ऑल (सगळ्या इन-सिंक प्रतींनी लिहिल्यावरच पोचपावती) असेल तर पोचपावती दिलेले संदेश दुसऱ्या ब्रोकरवर असतात. रेप्लिका एकच असेल तर कापलेलं गेलंच.

पार्टिशनला लीडरच उरला नसेल तर अनक्लीन इलेक्शनकडे, म्हणजे मागे पडलेल्या प्रतीला लीडर करण्याकडे, धावू नका. इन-सिंक यादीतला शेवटचा ब्रोकर कोणता हे काफ्काच्या टॉपिक डिस्क्राइब कमांडने शोधा आणि आधी तो उठवा, दोन तास लागले तरी.